संबंधाचे स्वरूप

सूर्यफुलाच्या एका बीचं वजन साधारण पन्नास मिलिग्रॅम असतं. म्हणजे वीस बिया मिळून एक ग्रॅम. एवढी हलकी वस्तू लोकरीच्या स्वेटरला कोपराशी चिकटली, तर स्वेटर घालणाऱ्याला ते कळत नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र कळतं.

"तुमच्या कोपरावर सूर्यफूल आहे," मागून आवाज आला.

मी वळले. झेरॉक्सच्या दुकानात आमची पाच माणसांची रांग होती. माझ्यामागे एक उंच, उन्हाने रापलेला तरुण कागदांची गुंडाळी बगलेत धरून उभा होता.

"बी आहे," मी कोपर तपासून म्हणाले. "फूल नाही."

"तेच ते. थोडा धीर धरायचा, की फूल."

मी बी काढलं आणि सवयीने पर्समधल्या कागदी पाकिटात टाकलं. त्याने ते पाहिलं.

"जपून ठेवताय?"

"लॅबमधलं आहे. ते बाहेर यायलाच नको होतं."

"बियाणे तपासणीच्या लॅबमध्ये आहात?" त्याचा चेहरा उजळला. "मग सांगा, खरंय का हे? जुन्या साहेबांच्या जागी म्हणे कुणी चोवीस वर्षांची मुलगी प्रमुख करून बसवलीय. साहेबांनी एकतीस वर्षं काढली तिथं! आमच्याकडे सगळ्यांनी धसका घेतलाय."

"तुम्हीसुद्धा?"

"मी नाही. चोविसाव्या वर्षी माणूस पुस्तकात लिहिलंय तसंच करतो. बियाण्याला तेवढं पुरतं."

"पंचवीस," मी म्हणाले.

"काय पंचवीस?"

"वय. गेल्या महिन्यात मला पंचवीस पूर्ण झाली."

मशीनचा हिरवा उजेड काचेखालून दोनदा सरकला. तेवढ्या वेळात त्याच्या कानांचा रंग बदलला — आधी पाळ्या, मग वरच्या कडा. माणसाचे कान इतक्या सावकाश लाल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"माझी झेरॉक्स नंतर झाली तरी चालेल," तो म्हणाला. "मी आता घरी जाऊन थोडं तोंड लपवून बसतो."

मला हसू आलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

कारण धसका मीसुद्धा घेतलेला होता. जाहिरातीत 'किमान सात वर्षांचा अनुभव' असं लिहिलं होतं. जाहिरात दोनदा आली, अर्ज एकही आला नाही. माझा अनुभव आठ महिन्यांचा. डायरेक्टर बाईंनी मला बोलावून सांगितलं, "तू धर तात्पुरतं. सही करायला कुणीतरी हवं." तात्पुरतं म्हणता म्हणता दोन महिने झाले, आणि आता वरून पत्र आलं होतं: हिलाच कायम करा, तिची संमती कळवा. बाई रोज सकाळी विचारायच्या, "काय ठरलं?" मी रोज सांगायची, "विचार करतेय." साहेबांच्या खुर्चीत मी बसतच नसे. स्टूल ओढून टेबलाच्या कडेला बसायची, बदली कारकुनासारखी.

लॅबमध्ये खरा अनुभव एकाच व्यक्तीकडे होता. मावशींकडे. ट्रे धुणं, कागद भिजवणं, बिया मोजणं, हे त्या बावीस वर्षं करत होत्या. पण त्यांच्याकडे पदवी नव्हती, म्हणून सही नव्हती. माझ्याकडे पदवी होती, पण अनुभव नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी चार वाजता लॅबसमोरच्या चहाच्या टपरीवर तो बाकावर बसलेला दिसला.

"पंचवीसबाई!" त्याने हाक मारली आणि सरकून जागा केली. "कालच्याबद्दल माफीचा चहा."

"माझ्याशी सॅम्पलबद्दल बोलायचं नाही," मी उभ्यानेच सांगितलं. "नियम आहे."

"नाही बोलणार. तसंही मी काय बोलणार? तुमच्या खिडकीत पाकीट दिलं की तुम्ही त्याच्यावर नंबर टाकता. कुणाचं काय, तुम्हालाही कळत नाही."

ते बरोबर होतं. आमच्याकडे सॅम्पल आलं, की नाव आणि गाव बाईंच्या कपाटात बंद होतं आणि आमच्या टेबलावर फक्त आकडा येतो. हंगामात सूर्यफुलाची तीस-चाळीस सॅम्पलं असतात. सगळी काळी, सगळी रेघांची.

"मग कशाबद्दल बोलायचं?" मी बसले.

"उरलेल्या जगाबद्दल. ते बरंच मोठं आहे."

उरलेलं जग आम्हाला तीन आठवडे पुरलं. तो आणि गावातले आणखी तेरा जण मिळून सूर्यफुलाचं बियाणं पिकवायचे. त्याने दोन वर्षं शहरात विम्याची नोकरी केली होती आणि सोडून आला होता. चहात साखर घेत नव्हता. फुलांवरच्या मधमाश्या मोजायची त्याला सवय होती — "दहा झाडांमागे एक तरी हवी, नाहीतर दाणे पोचट." मी त्याला सांगितलं, की मला माणसांपेक्षा आकड्यांशी बोलणं सोपं जातं. तो म्हणाला, "मग मला एखादा आकडा द्या ना."

"कशाला?"

"तुम्हाला बोलायला सोपं जाईल."

मी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी मी बराच वेळ तो लावून ठेवला.

घरी ताई वाट पाहत असायची. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहायचो. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची, त्यामुळे माणसं तोंड उघडतील असे प्रश्न तिला बरोबर विचारता यायचे.

"आज काय, मधमाश्या की पाऊस?"

"काही नाही. चहा."

"चाळीस मिनिटांचा चहा? पाणी विहिरीतून काढता काय गं?"

*

सॅम्पल क्रमांक तीनशे सतरा. हंगामातलं पहिलं ताजं सूर्यफूल.

पद्धत साधी आहे. चारशे बिया मोजायच्या, शंभराचे चार गट करायचे, ओल्या कागदात गुंडाळायच्या, पंचवीस अंशांच्या कपाटात दहा दिवस उभ्या ठेवायच्या आणि उगवलेल्या मोजायच्या. शेकडा सत्तर उगवल्या तर बियाणं पास. त्याखाली नापास, म्हणजे सगळा माल तेलाच्या घाण्याला.

तीनशे सतराच्या अठ्ठावन्न टक्के उगवल्या. मी दोनदा मोजल्या. उरलेल्या बेचाळीस टक्क्यांच्या रकान्यात 'मृत' लिहिलं, सही केली आणि रिपोर्ट बाईंकडे पाठवला.

तिसऱ्या दिवशी सॅम्पल स्वीकारायच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर बारीक पाऊस पडत होता. खिडकीत तो होता. हातात माझ्या सहीचा कागद. शर्टाखाली धरून आणलेला, म्हणून कोरडा. तो स्वतः मात्र ओलाचिंब.

मी आकडा वाचला. तीनशे सतरा.

"मला नियम माहीत आहे," तो घाईने म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मी पास करा म्हणायला आलो नाही. एकच विचारतो... त्या बेचाळीस कशाने मेल्या? पेरा तोंडावर आलाय. आमच्या चौदा जणांचं वर्ष आहे ते. पण माल खराब असेल तर घाण्याला घालू. फक्त कारण कळलं पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी ते करणार नाही."

कारण. मी माझ्याच सहीकडे पाहिलं.

"कळवते," एवढंच म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

मागे वळले तर मावशी फेकायच्या ट्रेसमोर उभ्या. त्यांनी चिमट्यात एक न उगवलेलं बी धरलं होतं.

"बाई, हे दाबून बघ."

मी दाबलं. ते टणक होतं.

"मेलेलं बी चिमट्याखाली पिचतं," मावशी म्हणाल्या. "बुरशी धरतं, घाण वास मारतं. हे बघ कसं ठणठणीत आहे. मेलं नाही गं, झोपलंय. ताजं बी असंच असतं. साहेब आधी आठवडाभर थंडीत ठेवायचे, मग उगवायला घालायचे."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? तू पुस्तक उघडून बसायचीस. मला वाटलं, त्यात असेल."

त्यात होतं. पान एकशे चार, तळटीप. मी ती वाचलेलीही होती. पण आजवर माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक बी गोदामातलं, मागच्या वर्षीचं होतं. झोप पूर्ण झालेलं. ताजं बी मी जन्मात पाहिलं नव्हतं. सात वर्षांचा अनुभव कशासाठी मागतात, ते मला त्या क्षणी कळलं.

मी न उगवलेल्या एकशे अडुसष्ट बिया सोलल्या, पात्याने मधोमध चिरल्या आणि एका बिनरंगी द्रावणात बुडवल्या. जिवंत पेशी त्यात लाल होतात, मेलेल्या पांढऱ्याच राहतात. काही तास लागतात. मी समोर बसून राहिले. दुपारी पहिली कड गुलाबी झाली, मग दुसरी. सावकाश, कडेकडेने... मला भलत्याच वेळी कुणाचे तरी कान आठवले.

एकशे एकतीस लाल.

मावशी माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "आता गं?"

आता तीनच रस्ते होते. गप्प बसायचं, तर चौदा जणांचं चांगलं बियाणं घाण्याला जाणार. रिपोर्ट मागे घ्यायचा, तर तीन महिन्यांतच सिद्ध होणार की ही जागा मला झेपत नाही. आणि त्याहून वाईट — सगळे म्हणणार, रोज चहा पाजणाऱ्याचा माल पोरीने पास केला. तेव्हा ना माझी सही कामाची, ना त्याचं बियाणं.

सगळं सांगून टाकायचा तिसरा रस्ता डायरेक्टर बाईंच्या केबिनकडे जात होता.

*

"रिपोर्ट मागे घ्यायचाय," मी म्हणाले. "तीनशे सतराचा. चूक माझी आहे. मी झोपलेल्या बिया मेलेल्या म्हणून मोजल्या."

बाईंनी चष्मा काढला. "बरं. आणखी काही?"

"हे सॅम्पल कुणाचं ते मला कळलंय. आणि... मी त्यांच्याबरोबर चहा पिते."

"कितीदा?"

"रोज. चार वाजता."

"साखर किती घेतो, माहीत आहे?"

"घेतच नाही."

"मग फॉर्म भरावा लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या आणि खालचा खण उघडला.

त्यांनी लगेच व्यवस्था लावली. प्रत्येक सॅम्पलचा अर्धा भाग आमच्याकडे सीलबंद असतो. तो बाहेर काढायचा, नवा आकडा द्यायचा, इतर नऊ सॅम्पलांत मिसळायचा. तपासायला दुसऱ्या लॅबमधून माणूस येणार. सात दिवस थंडीत, दहा दिवस उबेत. तोपर्यंत मी त्या कपाटाला हात लावायचा नाही आणि चहाही बंद.

"सतरा दिवस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "फॉर्म उद्यापर्यंत दे. आणि या सतरा दिवसांत कायम व्हायचं की नाही तेही ठरव. वरचे लोक आता थांबायचे नाहीत."

फॉर्म एका पानाचा होता. 'सॅम्पल देणाऱ्याशी संबंधाचे स्वरूप.' खाली चौकोन: आई-वडील, भावंड, पती/पत्नी, भागीदार, इतर (स्पष्ट करा).

"इतर," ताईने माझ्या खांद्यावरून वाचलं. "कर स्पष्ट."

"काय स्पष्ट करू?"

"ते तू मला विचारतेस? पृथक्करण तुझा विषय."

"'ओळख' लिहू?"

"खोटं बोललीस तर नोकरी जाईल."

"'मैत्री'?"

"चेहरा बघ आरशात आणि मग लिही."

दीड तास लागला. शेवटी मी लिहिलं: 'परिचय. पुढील स्वरूप अनिश्चित.' बाईंनी दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि खोकला आल्यासारखं केलं. खोकला नव्हता तो.

*

सतरा दिवस तो रोज चारला बाकावर येऊन बसला. नियमाप्रमाणे माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बोलायचा तो मावशींशी, आणि मावशी असायच्या माझ्या उघड्या खिडकीखाली, कप घेऊन.

"मावशी, आज हवा छान आहे, नाही?"

"आहे."

"ज्यांना खिडकीतून दिसतेय त्यांनाही छान वाटत असेल?"

"मला काय विचारतोस? मी काय टपालखातं आहे?"

"नाही हो, सहज. मावशी, ऐकलं का... माल नापास झाला तरी मला राग नव्हता आला. पण ज्यांनी स्वतःची सही खोडली त्यांचं मी गावात सगळ्यांना सांगितलंय."

"काय म्हणाले गावातले?"

"घाबरलेत. म्हणे, ही खरंच पुस्तकातलं करते."

मी आत मोजत होते. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... पुन्हा एकपासून. त्या सतरा दिवसांत मी जितक्या वेळा पहिल्यापासून मोजलं, तितकं त्याआधी कधी मोजलं नव्हतं.

आणि ज्या वेळी मोजत नव्हते, त्या वेळी विचार करत होते. परत ज्युनिअर झाले तर सगळं किती सोपं होईल. सही दुसऱ्याची, चूक दुसऱ्याची. चहा माझा. मावशींना मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी त्या दुपारी दुसऱ्या एका शेतकऱ्याचं ताजं सॅम्पल माझ्यापुढे ठेवलं आणि पाहत राहिल्या. मी न विचारता चिमटा घेतला, चार बिया दाबल्या, वास घेतला आणि म्हणाले, "हे थंडीत ठेवू या. सात दिवस."

"मग ज्युनिअरला कोण सांगणार हे?" मावशी म्हणाल्या आणि ट्रे घेऊन गेल्या.

*

अठराव्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्यासमोर आकड्यांचं पाकीट फोडलं. एकोणनव्वद टक्के. पास.

बाहेरून आलेल्या परीक्षकाची सही झाली, शिक्का बसला. दुपारी खिडकीवर टकटक झाली तेव्हा बाई माझ्या टेबलाशीच उभ्या होत्या. वरून दोनदा फोन येऊन गेला होता.

"आधी यांचं आटप," त्या म्हणाल्या. "मग मला आजच्या आज उत्तर दे. हो की नाही."

मी खिडकी उघडली. तो आज कोरडा होता आणि इस्त्री केलेल्या शर्टात. मी रिपोर्ट पुढे सरकवला. त्याने आकडा वाचला, डोळे मिटले, पुन्हा वाचला.

"पेरा वेळेत होईल," तो हळूच म्हणाला. मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला, पण गेला नाही.

"आता बोललं तर चालतं?"

"रिपोर्ट दिला. चालतं."

"मावशी म्हणाल्या, तुम्ही ही जागा सोडताय."

मी मागे पाहिलं. मावशी अतिशय मन लावून एक आधीच धुतलेला ट्रे धुत होत्या.

"माझ्यामुळे सोडत असाल," तो म्हणाला, "तर मी उद्यापासून त्या बाकावर येत नाही. म्हणजे... येणार नाही असं म्हणतोय. जमेल की नाही माहीत नाही. पण तुम्ही सही करणं सोडायचं नाही. कुणीतरी मला कारण शोधून दिलंय आणि ते कारण स्वतःच्या अंगावर घेतलंय. असं माणूस त्या खिडकीच्या आत पाहिजे."

"आणि तुम्ही?"

"मी काय, खिडकीच्या बाहेर." तो हसायचा प्रयत्न करत होता. कान लाल व्हायला लागले होते. आधी पाळ्या. "पुढच्या हंगामात पुन्हा पाकीट घेऊन येईन. तेवढी तर भेट होईल ना, पंचवीसबाई?"

"नाही," मी म्हणाले.

त्याचा हात चौकटीवरून खाली गेला.

"तुमची सॅम्पलं यापुढे इथे घेणार नाही. पलीकडच्या लॅबमध्ये द्यायची."

"पण ती नव्वद किलोमीटरवर आहे! का? आता माझं काय चुकलं?"

माझ्या मागे ट्रे धुण्याचा आवाज थांबला होता. बाई हलल्या नव्हत्या. गेला दीड महिना रोज सकाळी मी जे वाक्य उद्यावर ढकलत होते, ते माझ्याकडे शब्दन्‌शब्द तयार होतं. कधी तयार झालं, ते मला कळलंही नव्हतं. मी एकदा बाईंकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"काही चुकलं नाही. मी ही जागा घेतेय... कायमची. आणि इथल्या प्रमुखाला घरच्या माणसाची सॅम्पलं तपासता येत नाहीत."